खिडकीच्या चौकटीपासून: तांत्रिक आरेखन शिकण्याचे साडेसहा महिने

मार्च २०२३ मध्ये गोव्यातील डिचोलीजवळच्या आमच्या जुन्या घरातील एका खिडकीची चौकट वाळवीने पोखरल्याचे लक्षात आले आणि नवी चौकट करून घेण्याचे काम घरच्यांनी माझ्याकडे सोपवले. मी भिंतीतील मोकळ्या जागेचे माप घेतले, वहीच्या पानावर एक चौकोन काढून त्यात ‘९० × १२०’ असे लिहिले आणि ते पान मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, हाती दिले. तीन आठवड्यांनी फणसाच्या लाकडाची, घोटून गुळगुळीत केलेली चौकट घरी आली, पण ती भिंतीत बसेना. मी लिहिलेले माप मेस्ताने चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेचे धरले होते. प्रत्येक बाजूचे लाकूड साडेसात सेंटीमीटर जाड असल्याने चौकट रुंदीला आणि उंचीला पंधरा-पंधरा सेंटीमीटर मोठी झाली होती. चिरे फोडण्यापेक्षा दुसरी चौकट करणे बरे, असे ठरले आणि त्यासाठी ९,४०० रुपये नव्याने मोजावे लागले. मेस्ताने मला दोष दिला नाही आणि मलाही त्याला देता येईना, कारण ते माप कुठून कुठपर्यंतचे आहे, याचा कागदावर काहीच उल्लेख नव्हता. त्या रात्री मला प्रथम वाटले की आपण नकाशा काढायला आणि वाचायला शिकले पाहिजे. घराच्या छपराचे आणि आणखी तीन खिडक्यांचे काम पुढे वाढून ठेवलेले होतेच.

माझे वय तेव्हा ३८ होते, दहावीनंतर वाणिज्य शाखा घेतलेली होती आणि म्हापशाला एका कार्यालयात हिशेबाचे काम करत होते, म्हणजे चित्रकला किंवा अभियांत्रिकी यांच्याशी माझा काहीही संबंध नव्हता. एप्रिल महिना चौकशीत गेला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आयटीआयमध्ये, ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्याला दहावीत गणित आणि विज्ञान हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना प्रवेश मिळतो आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरचे व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. ज्यांना या क्षेत्रात नोकरी करायची आहे त्यांनी सरळ तोच मार्ग धरावा, असे मी आजही सांगेन. पण तो दिवसभराचा अभ्यासक्रम आहे आणि मला नोकरी सोडणे शक्य नव्हते. म्हणून मी म्हापशातील तीन खासगी वर्गांत विचारणा केली. त्यांपैकी दोन ठिकाणी पहिल्या दिवसापासून संगणकावरच शिकवले जात होते. तिसऱ्या ठिकाणी आधी चार महिने हाताने कागदावर आणि मग दोन महिने संगणकावर अशी रचना होती. शिकवणारे सर एका बांधकाम कार्यालयात कित्येक वर्षे आरेखक म्हणून काम केलेले होते. शुल्क १५,००० रुपये, दोन हप्त्यांत. मी तो वर्ग निवडला आणि त्या निवडीचे मला आजही समाधान आहे. प्रवेशासाठी दहावीची गुणपत्रिका, आधार कार्डाची प्रत आणि दोन छायाचित्रे एवढेच लागले. मात्र वर्ग पावणेसहाला सुरू होत असल्याने कार्यालयातून पंधरा मिनिटे आधी निघण्याची लेखी परवानगी घ्यावी लागली आणि ती मिळायला बारा दिवस गेले. प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: मिळणारे प्रमाणपत्र शासनमान्य आहे की वर्गाचे स्वतःचे, आणि हाताने काढायच्या शीट्स एकूण किती. माझ्या वर्गाचे प्रमाणपत्र खासगी होते आणि शीट्स चौदा होत्या. दोन्ही गोष्टी मला आधी ठाऊक होत्या, त्यामुळे पुढे मनस्ताप झाला नाही.

साहित्याची यादी पाहून मी थोडी घाबरले होते. डी-२ आकाराचा, म्हणजे ७०० × ५०० मिलिमीटरचा लाकडी ड्रॉइंग बोर्ड १,२५० रुपयांना मिळाला. आम्हांला ए-२ आकाराच्या, म्हणजे ५९४ × ४२० मिलिमीटरच्या शीटवर काम करायचे होते आणि ती या बोर्डावर नीट बसते. बोर्डाला अडकवायचा मिनी ड्राफ्टर (समांतर आणि काटकोनी रेघा काढायचे पट्ट्यांचे साधन) ६५० रुपये, कंपासपेटी ९०० रुपये, सेट-स्क्वेअरची जोडी आणि एम-१ ते एम-८ अशा आठ पुठ्ठ्याच्या मोजपट्ट्यांचा संच मिळून ४८० रुपये, आणि पेन्सिली, खोडरबर, चिकटपट्टी, शीट ठेवायची नळी यांचे ८७० रुपये, असा एकूण खर्च ४,१५० रुपये झाला. यात एकच सल्ला द्यावासा वाटतो: कंपास स्वस्तातला घेऊ नये. माझा पहिला कंपास वर्तुळ पूर्ण होईपर्यंत किंचित उघडत असे आणि रेघेचे टोक सुरुवातीला जुळत नसे. मी महिनाभर तो दोष आपल्या हाताचा समजत होते. मोजपट्ट्यांपैकी घराच्या कामाला एम-४ ही सर्वांत जास्त लागते, कारण तिच्यावर १:५० आणि १:१००, म्हणजे खऱ्या मापाच्या पन्नासाव्या आणि शंभराव्या भागाएवढे काढायची, ही प्रमाणे असतात.

वर्ग सोमवार, ३ जुलै २०२३ रोजी सुरू झाला. आम्ही अकराजण होतो आणि मी सर्वांत मोठी होते. पहिले दोन आठवडे फक्त रेघा आणि अक्षरे. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल, परंतु पुढच्या प्रत्येक शीटवर मला त्या दोन आठवड्यांचा उपयोग झाला. २एच पेन्सिल कच्च्या, फिकट रेघांसाठी, एच पेन्सिल वस्तूच्या पक्क्या कडांसाठी आणि एचबी अक्षरांसाठी. पेन्सिल कागदावरून ढकलायची नाही, ओढायची, आणि ओढताना बोटांत हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही आणि रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहते. कोणत्या रेघेचा अर्थ काय, हे ठरलेले असते. दिसणारी कड जाड, अखंड. आड गेलेली कड तुटक. मध्यरेषा बारीक, एक लांब आणि एक आखूड तुकडा अशी साखळीची. माप दाखवणारी रेघ बारीक, अखंड. आपल्याकडे हे संकेत भारतीय मानक ब्युरोने ठरवून दिले आहेत आणि शाळा-महाविद्यालयांसाठी ते एसपी ४६ या पुस्तिकेत एकत्र दिलेले आहेत. त्यातली मला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे अक्षरांच्या उंचीची मालिका: २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर. हे आकडे असे विचित्र का, असे मी विचारले तेव्हा सरांनी ए-२ची शीट मधोमध दुमडून ए-३ करून दाखवली. कागदाच्या या आकारांत एक पायरी खाली उतरताना लांबी दोनच्या वर्गमुळाने भागली जाते आणि अक्षरांची मालिकाही त्याच पटीत आहे. त्यामुळे ए-२वरचा नकाशा लहान करून ए-३वर छापला, तर ५ मिलिमीटरचे अक्षर साडेतीन मिलिमीटरचे होते, म्हणजे तेही ठरलेल्या मालिकेतच राहते. एवढा विचार करून ठेवलेल्या पद्धतीवर माझा विश्वास त्या दिवशी बसला.

जुलैमध्ये शिकायला सुरुवात करणाऱ्या गोव्यातील कोणालाही कागदाच्या दमटपणाची अडचण येणारच. पहिल्याच आठवड्यात मी रात्री बोर्डावर चिकटवून ठेवलेली शीट सकाळी मध्यभागी फुगलेली दिसली, आणि आदल्या दिवशी आडव्या असलेल्या रेघा पट्टीशी जुळेनात. कागद हवेतला ओलावा शोषून पसरतो आणि सगळीकडे सारखा पसरत नाही. यावर आम्ही काही उपाय केले. शीट वापरायच्या आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत उघडी ठेवायची. शक्यतो एक शीट एकाच बैठकीत पूर्ण करायची. अर्धवट राहिलीच तर दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी काढून ती पुन्हा मिनी ड्राफ्टरशी जुळवून लावायची. नळीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या, तर पूर्ण झालेल्या शीट्सना बुरशी धरत नाही. बसने येता-जाता नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधणेही मला आवश्यक वाटले.

ऑगस्टमध्ये प्रक्षेपण सुरू झाले, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते तीन सपाट चित्रांत मांडायचे आणि ती तीन चित्रे एकमेकांशी नेमक्या जागी जुळवायची, एवढेच हे काम आहे. त्यात दूरची वस्तू लहान काढायची नाही, कारण प्रत्येक बिंदूपासून कागदापर्यंतच्या रेषा एकमेकींना समांतर आणि कागदाला लंब धरलेल्या असतात. मला पाठ करून नियम येत होते: समोरचे दृश्य वर, वरचे दृश्य त्याच्या खाली आणि डाव्या बाजूचे दृश्य उजवीकडे. पण डावीकडून दिसणारे चित्र उजवीकडे का जाते, हे मला तीन आठवडे समजले नाही. मी उत्तरे बरोबर काढत होते आणि आपल्याला यातले काही कळत नाही, हेही मला समजत होते. ती अवस्था फार त्रासदायक असते.

शेवटी सरांनी सांगितले, “बाय, कागद बाजूला ठेव. कपडे धुण्याच्या साबणाची वडी घे, सुरीने तिचा एक कोपरा काप आणि घरातल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेव.” मी तसेच केले. जमीन आणि एकमेकींना काटकोनात मिळणाऱ्या दोन भिंती, असे तीन पृष्ठभाग तिथे तयारच असतात. साबण मध्ये आहे, मी अलीकडे आहे आणि भिंत पलीकडे आहे. मी समोरून पाहिले तर जे दिसते ते साबणाच्या मागच्या भिंतीवर उमटेल. वरून पाहिले तर ते खालच्या जमिनीवर उमटेल. आणि डावीकडून पाहिले तर माझी नजर साबणाला ओलांडून उजव्या भिंतीवर जाईल, म्हणून डावीकडचे दृश्य उजवीकडे. आता जमीन आणि उजवी भिंत कागदाच्या खोक्यासारखी उलगडून समोरच्या भिंतीच्या पातळीत आणली, की जमीन खाली जाते आणि तिच्यावरचे चित्र समोरच्या दृश्याच्या खाली येते. मी भिंतींवर आणि जमिनीवर खडूने ती तिन्ही चित्रे खरोखर काढली. आईने काही विचारले नाही, खडूच्या रेघाही पुसल्या नाहीत, आणि त्या चार-पाच दिवस तशाच राहिल्या. त्या रात्रीनंतर मला प्रक्षेपणाचा नियम पाठ करावा लागला नाही. ज्यांना इथे अडखळायला होईल त्यांनी साबणाच्या दोन वड्या आणि खोलीचा एक कोपरा यांवर एक संध्याकाळ जरूर खर्च करावी.

या पद्धतीला प्रथम कोन प्रक्षेपण म्हणतात आणि भारतात तीच प्रमाण मानली जाते. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत चालते. तिच्यात चित्राचा पडदा पाहणारा आणि वस्तू यांच्या मध्ये, काचेसारखा धरलेला असतो. म्हणून तिथे वरचे दृश्य वर आणि डावीकडचे डावीकडे येते. परदेशी यंत्राबरोबर आलेला नकाशा वाचताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर भाग उलट्या बाजूचा बनू शकतो. यासाठी टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातील माहितीच्या चौकटीत, किंवा त्याच्या जवळ छाटलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असते आणि ते आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी. या शास्त्राची पद्धतशीर मांडणी अठराव्या शतकात गास्पार माँज या फ्रेंच गणितज्ञाने केली. मेझिएर येथील लष्करी शाळेत किल्ल्यांच्या बांधणीचे प्रश्न सोडवताना त्याला ही रीत सुचली आणि ती कित्येक वर्षे लष्करी गुपित म्हणून राखून ठेवली गेली. १७९५ मध्ये पॅरिसमधील व्याख्यानांतून ती सर्वांसमोर आली. साबणाच्या वडीवरून समजलेली गोष्ट एकेकाळी गुपित होती, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले होते.

१९ सप्टेंबरला चवथ होती आणि वर्गाला दहा दिवस सुट्टी मिळाली. सराव तुटू नये म्हणून मी घरातली माटोळीची लाकडी चौकट मोजून काढायची ठरवली. गणपतीच्या वर टांगायच्या या चौकटीत आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींत खाचा करून बसवलेल्या असतात. फळे-फुले बांधण्यापूर्वीच्या दिवशी मी तिची लांबी-रुंदी, पट्ट्यांमधले अंतर आणि खाचांची खोली मोजून घेतली आणि रात्री १:१० या प्रमाणात तिचे वरचे दृश्य, बाजूचे दृश्य आणि एका खाचेचा मोठा करून छेद, म्हणजे ती मधोमध कापली तर दिसेल ते चित्र, काढला. घरातल्या वस्तूवर केलेला तो पहिला पूर्ण नकाशा. वर्गातल्या ठोकळ्यांपेक्षा मला त्यातून जास्त शिकायला मिळाले, कारण ठोकळ्यांची मापे फळ्यावर दिलेली असत आणि इथे कोणते माप घ्यायचे, हेच मला ठरवायचे होते. दोन पट्ट्या प्रत्यक्षात वाकलेल्या होत्या. त्या वाकलेल्या दाखवायच्या की सरळ, असे मी नंतर सरांना विचारले. नवी वस्तू बनवण्यासाठी नकाशा असेल तर सरळ, आणि आहे त्या वस्तूची नोंद करायची असेल तर वाकलेल्या आणि त्यांची मापे लिहून, असे त्यांनी सांगितले. घराच्या मोजणीत हे उत्तर मला पुन्हा पुन्हा आठवले.

आयसोमेट्रिक दृश्य, म्हणजे दोन बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांत काढून तीन मिती एकत्र दाखवणारे चित्र, मला सोपे गेले, आणि छेददृश्येही फारशी जड वाटली नाहीत. मापे देणे मात्र जड गेले. कागदावर माप मिलिमीटरमध्ये लिहायचे आणि एकक सर्वत्र तेच असेल तर प्रत्येक आकड्यापुढे पुन्हा लिहायचे नाही. प्रत्येक माप एकदाच द्यायचे, कारण दोन ठिकाणी दिले आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी केली, तर नकाशा स्वतःशीच भांडू लागतो. लहान मापे वस्तूच्या जवळ आणि मोठी बाहेर, म्हणजे रेघा एकमेकींना छेदत नाहीत. तुटक रेघेपासून, म्हणजे न दिसणाऱ्या कडेपासून, शक्यतो माप काढायचे नाही. बाणाचे टोक रुंदीच्या तिप्पट लांब. हे सर्व नियम मी वहीत उतरवले होते, तरी नवव्या शीटवर सरांनी लाल पेन्सिलीने सतरा खुणा केल्या. ती शीट मी तीन वेळा काढली. दुसऱ्यांदा परत मिळाली तेव्हा सरांनी एक कसोटी सांगितली: आपण मेस्त आहोत असे समजायचे, हातात फक्त हा कागद आहे, विचारायला मालक घरी नाही, आणि आता लाकूड कापायला घ्यायचे. ज्या क्षणी पट्टी घेऊन नकाशावरच मोजावेसे वाटेल, तिथे एक माप राहून गेले आहे. नकाशावर पट्टी ठेवून माप काढणे हे कधीच करू नये, कारण कागद आखडतो, पसरतो आणि प्रतीचा आकारही बदलतो. ‘९० × १२०’ लिहिलेले ते वहीचे पान मी अजून जपून ठेवले होते. त्या कसोटीला ते लावून पाहिल्यावर त्यात किमान पाच मापे राहून गेली होती, असे दिसले.

ऑक्टोबरच्या मध्यावर मला वर्ग सोडावासा वाटला होता. महिनाअखेरीचे हिशेब, आठनंतर डिचोलीकडे जाणाऱ्या बसगाड्यांची वानवा आणि परत मिळणाऱ्या शीट्स यांमुळे मी थकून गेले होते. जवळजवळ अठरा वेळा बसमधून उतरल्यावर घरापर्यंत रिक्षा करावी लागली, त्याचे १,८०० रुपये झाले. आमच्यातले चौघेजण तोपर्यंत गळाले होते. मी एक आठवडा गेले नाही. नंतर वर्गातल्याच एका मुलाने, जो पणजीत सुतारकाम करतो, फोन करून दहाव्या शीटची मापे लिहून पाठवली आणि “ताई, शुक्रवारी या” एवढेच सांगितले. मी गेले. उरलेल्या शीट्स आम्ही दोघांनी एकमेकांच्या तपासूनच सरांकडे दिल्या. दुसऱ्याचा नकाशा तपासताना स्वतःच्या चुका लवकर सापडतात, त्यामुळे असा एखादा जोडीदार सुरुवातीपासूनच शोधावा.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, संगणक सुरू झाला. ऑटोकॅड हा संगणकावर नकाशे काढण्याचा कार्यक्रम (सॉफ्टवेअर) १९८२ पासून बाजारात आहे आणि बांधकाम कार्यालयांत तोच जास्त चालतो. घरी सरावासाठी मी लिब्रेकॅड वापरले, कारण ते विनामूल्य आहे आणि माझ्या जुन्या संगणकावरही चालते. त्यात नकाशा डीएक्सएफ स्वरूपात साठवला, की वर्गातल्या ऑटोकॅडमध्ये उघडता येत असे. हाताने काढलेल्यांना इथे एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते: पडद्यावर वस्तू नेहमी खऱ्या मापाने काढायची आणि प्रमाणाचा विचार छापताना करायचा. चार मीटरची भिंत म्हणजे ४००० एककांची रेघ. भिंती, दारे-खिडक्या, मापे, अक्षरे हे सर्व वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकमेकांवर ठेवलेल्या थरांवर, ठेवायचे, म्हणजे मेस्ताला द्यायच्या प्रतीत नको ते झाकता येते. पहिल्यांदा छापून घेताना मी ‘कागदाला बसेल असे’ हा पर्याय निवडलेला राहिला आणि १:५० लिहिलेला नकाशा प्रत्यक्षात कोणत्याच प्रमाणात नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ काढते आणि छापून हातात आल्यावर ती आधी पट्टीने मोजते. ए-२च्या एका छपाईला मला ६० रुपये पडत होते, त्यामुळे ही सवय पैशाच्याही उपयोगाची ठरली. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून दर दहा मिनिटांनी साठवण करावी, हे वेगळे सांगायला नको.

परीक्षा शनिवार, २० जानेवारी २०२४ रोजी झाली: सकाळी तीन तास हाताने, दुपारी दोन तास संगणकावर. हाताच्या भागात एका कोनाड्यासह पायऱ्यांची तीन दृश्ये आणि एक छेद होता. माझा छेद वेळेत पूर्ण झाला नाही, छायारेषा, म्हणजे कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा, अर्ध्याच राहिल्या, तरी मी उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्रासाठी सात आठवडे थांबावे लागले आणि ११ मार्चला हाती आले तेव्हा त्यावर माझ्या आडनावाचे एक अक्षर चुकलेले होते. दुरुस्तीसाठी अर्ज, आधारची प्रत आणि मूळ प्रमाणपत्र परत देणे, असे सर्व करून आणखी तीन आठवडे गेले. अर्ज भरताना नावाचे रोमन लिपीतील अक्षरलेखन छापील अक्षरांत लिहावे आणि भरलेल्या अर्जाचे छायाचित्र जवळ ठेवावे. शुल्क, साहित्य, रिक्षा आणि शीट्स-छपाईचे १,९०० रुपये धरून माझा एकूण खर्च २२,८५० रुपये झाला.

या शिक्षणाने काय मिळत नाही, तेही स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. बांधकाम परवान्यासाठी नगरनियोजन खात्याकडे आणि पंचायतीकडे जाणाऱ्या नकाशांवर नोंदणीकृत अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाची सही लागते. माझ्यासारख्यांना ती करता येत नाही आणि करूही नये. मला करता आले ते एवढेच, की अभियंत्याकडे जाताना घराचा मोजलेला कच्चा नकाशा तयार होता आणि ते काय सांगत आहेत ते समजत होते. फेब्रुवारीत दादा, वहिनी आणि मी मिळून तीन रविवार घर मोजले. पहिल्या रविवारी आम्ही राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाच्या, फक्त चार बाजू मोजल्या आणि कागदावर काटकोन धरून चौकोन काढला, पण पुढच्या खोल्या काही केल्या जुळेनात. चार बाजू तशाच ठेवूनही चौकोन तिरका होऊ शकतो, त्यामुळे एक तरी कर्ण मोजल्याशिवाय त्याचा आकार पक्का होत नाही आणि दुसरा कर्ण पडताळणीसाठी लागतो. कर्ण मोजल्यावर त्यांच्यात ११ सेंटीमीटरचा फरक निघाला. लांब भिंतीवर प्रत्येक दार-खिडकीचे माप वेगळे न घेता टेपचे टोक एकाच कोपऱ्यात धरून सलग आकडे लिहावेत, म्हणजे लहान चुका साठत जात नाहीत. आढ्याची उंची आम्ही ओळंबा सोडून घेतली. भूमी अभिलेख खात्याकडून मिळालेला सर्व्हे प्लॅन १:१००० या प्रमाणातला होता, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. त्यातली अर्ध्या मिलिमीटरची रेघच अर्धा मीटर जमीन झाकते. म्हणून असा प्लॅन झेरॉक्सवर मोठा करून त्यावरून घराची मापे काढण्याचा मोह टाळावा. जागेची हद्द आणि घराचे स्थान समजण्यापुरताच तो वापरावा.

एप्रिल २०२४ मध्ये माजघराच्या तीन खिडक्यांचे काम त्याच मेस्ताकडे दिले. या वेळी ए-३ कागदावर समोरचे दृश्य, आडवा आणि उभा असे दोन छेद होते. भिंतीतील मोकळी जागा, चौकटीचे बाहेरचे माप, आतले माप आणि प्रत्येक बाजूला सोडलेली ६ मिलिमीटरची फट वेगवेगळी लिहिलेली होती. मेस्त ओसरीवर बसून बराच वेळ तो कागद पाहत राहिला. त्याने बोट ठेवून दोन ठिकाणी विचारले आणि दोन्हींचे उत्तर उभ्या छेदात होते. नंतर झडप टेकते त्या खाचेवर बोट ठेवून तो म्हणाला, “हे एवढेच खऱ्या मापात काढून द्या बाय. कागद लाकडावर ठेवून खूण करीन.” ते माझ्या लक्षात आलेच नव्हते. त्या रात्री मी चौकटीच्या खाचेचा छेद १:१ या प्रमाणात काढला, शंभर मिलिमीटरची रेघ शेजारी काढून मोजून पाहिली, आणि सकाळी कामाला जाण्यापूर्वी तो कागद त्याच्या कारखान्यात देऊन आले.